सिगिल या ईबुक बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आता ‘बुक व्ह्यू’ नाही. कोड शिकू की दुसरं काही शोधू?

जात्यापाशी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या (यवतमाळ) एका गावात आमचं छोटं वाचनालय आहे, ते मी सांभाळते. माझ्या सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बाया जात्यावर ज्या ओव्या म्हणायच्या, त्या माझ्या सासऱ्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवून ठेवल्या. एकूण १६ वह्या आहेत. सासरे आता नाहीत. सासूबाई आहेत, पण त्यांना वही दिसत नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलं की वाचतात आणि वाचता वाचता गुणगुणायला लागतात. म्हणून ईबुकाचा खटाटोप.

पहिल्या तीन वह्या मी जुन्या लॅपटॉपवर, सिगिलच्या जुन्या आवृत्तीत केल्या. तिथे ‘बुक व्ह्यू’ होतं. पान जसं दिसणार तसंच समोर, ओळ निवडायची, मधोमध न्यायची, ठळक करायची. गेल्या महिन्यात तो लॅपटॉप बंद पडला. दुसऱ्यावर नवीन सिगिल टाकलं तर समोर नुसता कोड. एका ओवीच्या चार ओळी शोधायला मला दहा मिनिटं लागली.

तर कोड शिकत बसू, की जसं दिसतं तसं करता येईल असं दुसरं साधन शोधू? संध्याकाळी बारावीच्या दोन मुली मदतीला येतात. त्यांना काय शिकवायचं तेही यावरच ठरणार आहे. १३ वह्या बाकी आहेत.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:४०

ताई, कोडच शिका. मी अकोट तालुक्यातला, बारावी शिकलेला, घरी पऱ्हाटी अन् तूर. मले कोणी शिकवलं नाई. ईपब, म्हणजे ईबुकाची फाइल, झिपची पिशवी हाय फक्त. फाइलची एक नक्कल करा, तिच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ खोडून ‘झिप’ लिहा अन् उघडून पाहा. आत प्रत्येक प्रकरणाची एक एक्सएचटीएमएल फाइल, दिसायचं कसं ते सांगणारी सीएसएस, अनुक्रमणिका, चित्रं, अन् कोणाच्या मागं कोण येईन ते सांगणारी ओपीएफ. बस. एकदा आपल्या डोयानं पाह्यलं का भेव निघून जाते.

तुम्हाले लागणारे टॅग, म्हणजे कोडातल्या खुणा, बोटावर मोजण्याएवढे हायेत. मथळ्यासाठी एच-वन, एच-टू, परिच्छेदासाठी पी, गठ्ठा बांधायले डिव्ह, ओळीतल्या एखाद्या शब्दासाठी स्पॅन. स्वेटर विणणारी बाई याच्याहून जास्त टाके ध्यानात ठेवते.

अक्षरजुळारी_आर्वी | सोमवार, रात्री १०:०५

पऱ्हाटीभाऊ, तुमचं शिकणं मोठं आहे, पण ताईंना १३ वह्या संपवायच्या आहेत. मी आर्वीला १९९६ पासून डीटीपी करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, कवितासंग्रह, सगळं डोळ्यानं जुळवलं. कविता ही पानावर बघायचीच गोष्ट आहे. कुठं ओळ तुटते, कुठं मोकळी जागा श्वास घेते, हे कोडात कसं दिसणार?

ताई, सिगिल बनवणाऱ्यांनीच ‘पेजएडिट’ नावाचं वेगळं साधन दिलं आहे. तेही फुकट. सिगिलमध्ये त्याला बाहेरचा संपादक म्हणून जोडता येतं. तुमचं जुनं बुक व्ह्यू जवळपास तसंच परत मिळेल. मुलींना तेच शिकवा.

संत्र्याचा_मळा | सोमवार, रात्री १०:११

१६ वह्या! ताई, आधी सगळ्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. बाकी मग.

पुण्यात_पण_बुलढाण्याची | सोमवार, रात्री ११:३०

मी ईबुकांचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुक व्ह्यू उगाच काढलेलं नाही. तुम्ही तिथे एक शब्द ठळक करायच्या, तेव्हा मागे ते साधन स्वतःच्या मनानं कोड लिहायचं. पुसलं की अर्धं पुसायचं, अर्धं ठेवायचं. कधी तर तुम्ही नीट लिहिलेलंही बदलून टाकायचं. सिगिलच्या ०.९ च्या मालिकेत ते होतं, १.० मध्ये नाही. आता सिगिलमध्ये डावीकडे कोड आणि उजवीकडे पूर्वदृश्य ठेवता येतं. कॅलिबर या ईबुकांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘एडिट बुक’मध्येही तेच. पूर्वदृश्यात ज्या ओळीवर क्लिक कराल, कोडात कर्सर त्याच ओळीवर जाऊन बसतो. तुमची ती दहा मिनिटं इथे एका क्लिकवर येतात.

अक्षरजुळारी काकाजींशी एका गोष्टीत मी सहमत आहे: डोळ्यानं तपासल्याशिवाय पुस्तक सोडू नये. पण छापील पान आणि ईबुक यांत मोठा फरक आहे. छापील पान तुम्ही ठरवता. ईबुकात पान नसतंच. वाचणारा अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो, की सगळ्या ओळी नव्यानं मोडतात. तुमच्या पडद्यावर जे दिसतं ते फक्त तुमच्या पडद्यापुरतं खरं असतं.

ताई, एक करा. जुन्या तीन वह्यांपैकी एक फाइल उघडा, कोणतीही एक ओवी निवडा आणि तिच्यामागचा कोड काय आहे ते इथे सांगा.

जात्यापाशी | मंगळवार, दुपारी २:१५

रात्री थ्री फेजची पाळी होती, घरचे सगळे ओलितावर, मी आत्ता बसले.

उघडलं. पुण्याच्या ताई, तुम्ही विचारलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. दुसरी ओळ आत सरकलेली दिसावी म्हणून मी तेव्हा स्पेसबार दाबत गेले होते. कोडात त्या जागी ‘एनबीएसपी’ (मोकळ्या जागेची खूण) असं सात वेळा लिहिलेलं आहे. प्रत्येक ओळीत! आणि एकाच शब्दाभोवती तीन-तीन स्पॅन, त्यातला एक तर रिकामा. अक्षराचा आकार १४ पॉइंट असा जागोजाग लिहिलेला.

आणि खरं सांगू? सासूबाईंच्या मोबाइलवर ही वही उघडली की अक्षर मोठं होतच नाही अशी त्यांची तक्रार होती. मला वाटलं मोबाइलचा दोष. मी त्यांना म्हटलंही, “आई, तुम्ही नीट दाबत नाही.”

पुण्यात_पण_बुलढाण्याची | मंगळवार, दुपारी ३:०२

मोबाइलचा दोष नव्हता आणि आईंचाही नव्हता. आकार पॉइंटात किंवा पिक्सेलात बांधून टाकला की काही वाचनॲप तो मोठा करतच नाहीत. आकार ‘एम’मध्ये द्यायचा. एक एम म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या अक्षराचा आकार. आईंनी अक्षर दुप्पट केलं की समास, ओळींमधली जागा सगळं त्याच प्रमाणात दुप्पट होतं. मूळ मजकुराला तर आकार देऊच नका, तो वाचणाऱ्याचा हक्क आहे.

ओवीसाठी: पूर्ण ओवी एका डिव्हमध्ये, प्रत्येक ओळ वेगळ्या पीमध्ये. सीएसएसमध्ये त्या ओळीला डावीकडून दोन एमचं पॅडिंग आणि पहिल्या ओळीचा इंडेंट उणे दोन एम. म्हणजे ओळ पडद्यात मावली नाही तर उरलेला भाग आत सरकून येतो आणि ‘ही नवी ओळ नाही, आधीचीच आहे’ हे वाचणाऱ्याला कळतं. बीआर (ओळ तोडायचा टॅग) टाकून हे होत नाही, कारण तो उणे इंडेंट फक्त पहिल्या ओळीलाच लागतो. शिवाय त्या डिव्हला ‘आत पान तोडू नकोस’ असा नियम द्या, म्हणजे ओवी दोन पानांत सहसा फाटत नाही.

हा नियम एकदाच लिहायचा. मग १६ वह्यांतल्या सगळ्या ओव्या तोच पाळतात. उद्या वाटलं की ओव्यांमध्ये जास्त जागा हवी, तर एक आकडा बदला.

अक्षरजुळारी_आर्वी | मंगळवार, दुपारी ४:२०

पोरी, हे पॉइंटचं मला माहीत नव्हतं. मी केलेल्या सगळ्या ईबुकांत आकार पॉइंटातच आहेत. आज तपासतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. ताईंच्या त्या दोन मुलींना तुम्ही उणे इंडेंट शिकवणार? त्या पोरींनी ओव्या टाइप करायच्या आहेत. त्यांचं काम डोळ्यानं आणि कानानं व्हायचं आहे.

कानांनी_वाचतो | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

मी वाशिम जिल्ह्यात शिक्षक आहे. मला दिसत नाही. मोबाइलवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून वाचतो. या धाग्यात ‘कसं दिसतं’ यावर बरंच झालं, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

एखाद्यानं प्रकरणाचं नाव नुसतं मोठं आणि ठळक केलं, तर डोळस माणसाला तो मथळा. मला तो आणखी एक परिच्छेद. एच-वन, एच-टू लावलेले असले की मी बोट वर-खाली सरकवून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. नसले तर दहाव्या प्रकरणावर जायला नऊ प्रकरणं ऐकत बसायचं. मी असं एक पुस्तक अर्धवट सोडलेलं आहे, आणि ते मला फार वाचायचं होतं.

दुसरं, भाषा. फाइलच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये लँग ‘एमआर’ लिहिलेलं असावं. कित्येक फाइलींत तिथे ‘ईएन’ राहून गेलेलं असतं आणि मग वाचणारा आवाज मराठीवर इंग्रजीसारखा अडखळतो. दिसणाऱ्या पानात ही चूक कुणालाच दिसत नाही. ती कोडातच सापडते.

ताई, तुमचं पुस्तक झालं की मला ऐकायचं आहे. माझी आजी दळताना म्हणायची.

पुण्यात_पण_बुलढाण्याची | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

सर, धन्यवाद. लँगचा आणखी एक उपयोग: ‘एमआर’ लिहिलं आणि फॉन्टमध्ये सोय असली (नोटो सॅन्स देवनागरीत आहे) तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, पाकळीचा ल आणि शेंडीचा श. नाही लिहिलं तर तोच फॉन्ट हिंदी वळणाचे दाखवतो. राज्य शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून हीच वळणं मराठीसाठी ठरवली आहेत.

झाडीपट्टीचा_पडदा | मंगळवार, रात्री ८:३३

मी सिंदेवाहीकडचा. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम, वडसा म्हणजे देसाईगंज त्याचं माहेर. जुन्या संहितांचं ईबुक करून राहिलो आहे. नाटकात प्रत्येक संवादाआधी पात्राचं नाव. एका संहितेत अशी पंधराशेच्या वर नावं. दृश्य साधनात एकेक निवडून ठळक करत तीन रात्री गेल्या. मग एका मित्रानं कोडात शोध-बदल दाखवला: ‘ओळीच्या सुरुवातीपासून पहिल्या विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांपर्यंत जे काही असेल त्याला स्पॅनमध्ये घाल.’ रेजेक्स म्हणतात त्याला. चहा निवायच्या आत झालं. डोळ्यात पाणी आलं, खरंच.

पण त्याच शोध-बदलानं घातही होतो. आमच्याच एका मदतनिसाला वाटलं की बोलीतले शब्द ‘शुद्ध’ करावे. वऱ्हाडी पात्र डोळ्याला डोया म्हणते, शाळेला शाया. त्यानं ‘य’चे ‘ळ’ करायला घेतले. ‘डोया’चे ‘डोळा’ केले, ‘माय’चे ‘माळ’ केले, आणि सगळे बदला हे बटण दाबलं. नाटकभर जिथं जिथं लेक आईला हाक मारते तिथं “माळ, ओ माळ”. जुनी प्रत होती म्हणून वाचलो. ताई, ओव्यांत तर पानापानावर माय असणार. सगळे बदला दाबू नका. एकेक पाहून बदला.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ८:५०

“माळ, ओ माळ” वाचून घरचे सगळे हासून राह्यले. पण भाऊ, बोली सुधारणं हे पापच हाय. ताई, टाइप करतानाच आपोआप दुरुस्ती बंद करून टाका, नाई तर ते यंत्र आपल्या मनानं डोयाचं डोळा करते अन् आपल्याले पत्ता लागत नाई. मजकूर जसा वहीत हाय तसा. सासऱ्यांनी ‘डोया’ लिहिलं असन तर ‘डोया’च.

मेळघाटचा_मास्तर | मंगळवार, रात्री ९:२५

धारणीकडे असतो. मुलांसाठी कोरकू आणि मराठी गोष्टींची छोटी ईपब करतो. इथं रेंज टेकडीवर, त्यामुळे फाइल शाळेच्या मोबाइलवरून पोरांच्या घरच्या मोबाइलवर ब्लूटूथनं जाते. फाइल हलकी पाहिजे. फोटो कमी करूनच आत घाला. फॉन्ट घालायचा तर मुक्त परवान्याचाच, आणि फक्त साधा व ठळक, जाडीचे दहा प्रकार नकोत.

पऱ्हाटीभाऊंच्या झिपच्या युक्तीवर एक सूचना. उघडून बघायला ती छान. पण आत बदल करून साध्या पद्धतीनं परत झिप केलं की बरेचदा ईपब तपासणीत नापास होतं. ‘माइमटाइप’ नावाची एक इवलीशी फाइल झिपमध्ये सगळ्यात पहिली आणि न दाबता ठेवलेली असावी लागते. मी दोन दिवस डोकं फोडलं होतं. बदल सिगिल किंवा कॅलिबरमध्येच करा, ते हे बरोबर सांभाळतात. शेवटी ‘ईपबचेक’मधून फाइल काढा, चूक कोणत्या ओळीवर आहे ते सांगते.

जात्यापाशी | बुधवार, दुपारी १:४०

एक विचित्र गोष्ट. ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधला. पडद्यावर एका वहीत मला तो अकरा ठिकाणी दिसतो, शोधला तर चारच सापडतात. कोडात पाहिलं, तिथेही अकराच्या अकरा सारखेच दिसतात. हे काय आहे?

पुण्यात_पण_बुलढाण्याची | बुधवार, दुपारी २:०५

मराठीचा हा खास सापळा आहे, आणि इथे कोडवाले आणि डोळेवाले दोघेही फसतात.

वऱ्हाडातला तो अर्धा, आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: ऱ (खाली टिंब असलेला र), मग हलन्त, मग ह. दुसरी: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), मग ह. उमटतात अगदी सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवर टाइप झालं असणार.

कॅलिबरच्या संपादकात कर्सर अक्षराच्या लगेच नंतर ठेवा, खालच्या पट्टीवर त्या चिन्हाचं नाव येतं. तिथे पाहून कोणतं रूप आहे ते ठरवा, मग एकच रूप सगळीकडे करा. हा मात्र एक बदल आहे जो ‘सगळे बदला’नं करायला हरकत नाही, कारण तो उच्चार, बोली, काहीच बदलत नाही. तऱ्हा, पऱ्हाटी, दुसऱ्या, सगळ्यांना तोच नियम.

पऱ्हाटी | बुधवार, दुपारी २:२०

म्हणजे माह्यं नावच दोन हायेत!

अक्षरजुळारी_आर्वी | बुधवार, संध्याकाळी ५:५५

याच्यात एक भर. ताई, तुमच्या वह्यांपैकी काही भाग जुन्या काळी कुठं डीटीपीला दिला होता का? त्या फाइली जुन्या फॉन्टांत असतील तर आत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसला की कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि बदलताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या टायपिंगमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी दाबायचो आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलटं. ‘धर्म’, ‘स्थिती’ असे शब्द निवडून तपासा. हे काम मी करून देऊ शकतो, पैसे नकोत.

आणि काल मी माझी जुनी ईबुकं उघडली. मथळ्यांत एच-वन एकाही ठिकाणी नाही, सगळीकडे ठळक आणि मधोमध. वाशिमच्या सरांनी सोडून दिलेलं पुस्तक कदाचित माझ्याच हातचं असेल. एकेक दुरुस्त करायला घेतलं आहे. हात कोडावर बसत नाही अजून, पण उजवीकडचं पूर्वदृश्य पाहत पाहत जमते.

कानांनी_वाचतो | बुधवार, संध्याकाळी ६:३०

काकाजी, झाली की पाठवा. मी ऐकून कुठं अडतं ते सांगेन.

जात्यापाशी | शनिवार, रात्री ९:५०

चार दिवस कापूस वेचणीत गेले, उशिरा लिहिते.

मुलींचं असं ठरवलं. त्या कोडाला हात लावत नाहीत. लिबरऑफिस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात, पण ठळक-मधोमध ही बटणं वापरायची नाहीत, फक्त तीन शैली: वहीचं नाव, ओवीचा विषय, ओवीची ओळ. दोन ओव्यांमध्ये एक रिकामा परिच्छेद. स्पेसबार एका वेळी एकदाच. मग ते कॅलिबरमधून ईपब करते आणि पुढचं कोडाचं काम मी. वहीचं नाव एच-वन झालेलं येतं, विषय एच-टू, आणि ओळीला एकच क्लास (सीएसएसमध्ये वापरायचं शैलीचं नाव). रिकाम्या परिच्छेदांच्या जागी ओवीचे डिव्ह मी शोध-बदलानं घालते, एकेक पाहून. आर्वीच्या काकाजी, मुली डोळ्यानं आणि कानानंच काम करतात. एक वही वाचते, दुसरी टाइप करते, आणि शब्द अडला की दोघी सासूबाईंना विचारायला जातात.

पहिली वही पुन्हा केली. सात-सात एनबीएसपी सगळे गेले, रिकामे स्पॅन गेले. उणे इंडेंट पहिल्यांदा उलटं लिहिलं, सगळ्या ओळींची सुरुवातच आत सरकली. अधिकचं चिन्ह उणे केलं तशा जागेवर आल्या. ईपबचेकनं एक चूक काढली, मुखपृष्ठाच्या फोटोचं नाव मराठीत होतं आणि मध्ये जागा होती. बदललं.

सासूबाईंनी अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर दीडच ओवी मावते. दुसरी ओळ मोडून आत सरकली, तशीच त्यांनी म्हणताना थोडी थांबून पुढं ओढली. मग म्हणाल्या, इथं एक शब्द चुकला आहे. वही काढून पाहिलं तर टायपिंगची नव्हती चूक, सासऱ्यांनीच तसं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यायले आयकू नाई आलं बराबर, जात्याचा आवाज होता.”

आता प्रश्न असा: वहीतला शब्द ठेवायचा आणि सासूबाईंचा शब्द टीप म्हणून द्यायचा, तर ईपबमध्ये टीप कशी टाकतात?

पुण्यात_पण_बुलढाण्याची | शनिवार, रात्री १०:०४

ईपब ३ मध्ये सोपं आहे. शब्दाला ‘नोटरेफ’ प्रकारचा दुवा, टीप ‘असाइड’ टॅगमध्ये ‘फुटनोट’ प्रकारानं. बऱ्याच ॲपांत दाबलं की टीप तिथल्या तिथे उघडते. नमुन्याची फाइल करून ठेवते, सकाळी टाकते. टिपेत सासूबाईंचं नाव लिहा.

कानांनी_वाचतो | शनिवार, रात्री १०:२०

टिपेतून परत ओवीवर यायचा दुवाही द्या, ताई. नाही तर मी तिथेच अडकतो.